एक घेतली की एक सोडायची

माझ्या धाकट्या भावाच्या पोटात माझी एक किडनी आहे. हे मी इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलंय, की सांगताना आता ‘पुढं सरका, पुढं जागा आहे’ म्हटल्यासारखं वाटतं. मी एसटीत कंडक्टर होते, सांगलीला. भाऊ सैन्यात होता. रिटायर होऊन कोरेगावजवळ आमच्या गावी राहायला आला आणि दोन-तीन वर्षांत त्याचं बीपी असं चढलं की दोन्ही किडन्या बसल्या. आधी डायलिसिस, मग तपासण्या, मग घरात कुणाची जुळते ते बघा. माझी जुळली. तेव्हा आमच्या जाऊबाईंनी विचारलं, “भीती न्हाई वाटत?” मी म्हटलं, “बाजाराच्या दिवशी जतच्या गाडीवर ड्युटी केलीय मी, भीती कसली वाटायची?” साफ खोटं.

ऑपरेशन पुण्यात झालं, त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. माझी जखम भरली, काही महिने मला ऑफिसात बसवलं, मग मी परत गाडीवर. भावाला मात्र जन्माच्या गोळ्या लागल्या. दुसऱ्याचा अवयव शरीराला पटत नाही, ते त्याला बाहेरचा समजून त्याच्यावर तुटून पडतं. ते तुटून पडू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या. आणि दुसरा नियम डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही सांगितला होता: अंग दुखो, डोकं दुखो, दात दुखो, दुखण्याची गोळी मनानं घ्यायची नाही. आधी फोन करायचा. साध्या माणसाला दोन दिवस घेऊन काही होत नाही, पण एकाच किडनीवर चालणाऱ्याला ती महागात पडते. त्याच्यासारख्याला तर फारच.

मी हा नियम पाळते, पण तोंड बंद ठेवून नाही. गाडीत उभं राहून राहून माझे गुडघे गेलेत. दुखायला लागले की मी अख्ख्या घराला ऐकवते. आमचे हे म्हणतात, “तुझा गुडघा दुखला की शेजारच्यांनासुद्धा कळतं.” कळू दे की! गोळी नाही तर निदान बोंबलायला तरी मिळालं पाहिजे.

भाऊ उलटा. त्याच्या तोंडून कधी ‘हूं’ नाही की ‘चूं’ नाही. मोबाईलवर गजर लावून गोळ्या घेणार, उकळलेलं पाणी बाटलीतून बरोबर नेणार, कुणाच्या बारशाला गेला तरी तोंडाला मास्क. गावातली माणसं चेष्टा करायची, “काय रं, अजून कोरोना हाय का तुज्याकडं?” तो हसायचा. मी दर रविवारी फोन करायची. “पाणी पितोस? गोळ्या घेतोस? पाय सुजलेत का?” “एकदम ओक्के, आक्का.” दर वेळी हेच. वर्षानुवर्षं माणूस एकदम ओक्के कसा असू शकतो, हा प्रश्न खरं तर कुणालाही पडायला हवा. पण माझी छाती अभिमानानं फुगलेली. माझी किडनी लागू पडली म्हणायचं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या भाऊबीजेला तो सांगलीला आला, मी ओवाळलं, तर हा तसाच पाटावर बसून राहिला. म्हणाला, “ताटात काय टाकू आक्का? तू जे दिलंस त्याच्यापुढं काय टाकायचं?” डोळे भरलेले. मला असलं काही झेपत नाही. मी म्हटलं, “साडी टाक. आणि पैठणी नको, रोजची टाक. ऊठ आता, पुरी गार होतीय.”

तर गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. सांगलीचं ऊन तुम्हाला माहीत असेल, नसेल तर सुखी आहात. आमच्याकडं लग्नात मामाचं काम नुसतं आहेर घेऊन मिरवायचं नसतं. भटजी माईकवरून पुकारतात, “मुलीचे मामा, मुलीला घेऊन या.” मग मामा भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी तलवार घेऊन उभा राहतो. तलवारीच्या टोकाला लिंबू. मुलीला एकच मामा. तो महिनाभर आधीपासून फेट्याचा रंग विचारत होता. बूट कुठले घालायचे यावर आमचं दोनदा फोनवर बोलणं झालं. त्याला फौजेसारखे काळे, चकचकीत लेदरचेच हवे होते.

लग्नाच्या आधी आठवडाभर तो आणि भावजय आमच्याकडं आले. लग्नघर म्हणजे काय सांगावं! चुलत्या, मावश्या, लाडू वळणाऱ्या शेजारणी. सगळ्यांच्या कमरा दुखतायत, सगळ्यांचे पाय दुखतायत, आणि दुखण्याच्या गोळ्या पानसुपारीसारख्या फिरतायत. कुणाच्या पर्समध्ये आहेत, कुणाच्या ब्लाऊजमध्ये. मी भावाला सगळ्यांसमोर दम देऊन ठेवला होता, “ह्यातली एक जरी तोंडात टाकलीस तर बघ.” तो म्हणाला, “येडी हायस का आक्का? मला कळत न्हाई व्हय?”

लग्न छान झालं. मंगलाष्टका मात्र संपता संपेनात. आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला वाटतं की आपला गळा देवानं माईकसाठीच दिलाय. पाहुणे उन्हानं हैराण, नवऱ्या मुलाच्या कपाळावरून घाम गळतोय, आणि माझ्या नणंदबाई तिसरं कडवं उचलतायत. भाऊ मागं ताठ उभा. तलवार सरळ, लिंबू सरळ, चेहऱ्यावर रेघ हलली नाही. फक्त घामानं फेट्याची कड भिजली होती. माझ्या व्याह्यांनी मला विचारलं, “हेच का ते, किडनीवाले? बघून कुणाला खरं वाटणार नाही.” मी म्हटलं, “बघा की!”

लग्नानंतर ते दोघं गावी गेले. मी पाहुणे पाठवणं, भांडी परत करणं यात गळून गेले होते. आणि एका सकाळी भावजयीचा फोन आला. ती मला वन्सं म्हणते. “वन्सं, ह्यांचं तोंड सुजलंय. पायबी. लघवी कमी झालीया. साताऱ्याला नेतोय.” मी चहाचा कप तसाच ठेवला आणि मिळेल त्या गाडीनं साताऱ्याला निघाले. अख्ख्या वाटेत मला एकच दिसत होतं. किडनी जाणार. आणि ही गेली तर दुसरी द्यायला घरात कुणी नव्हतं. त्याला पुन्हा डायलिसिसच्या त्या खुर्चीत बसायला लागणार, आठवड्यातून तीनदा, आणि या वेळी त्याला शेवट नसणार.

साताऱ्यातल्या दवाखान्यात किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेऊन विचारलं, “दुखण्याची गोळी घेतली होती का?”

मी म्हटलं, “नाही हो, तो असलं करणारच नाही.”

भाऊ म्हणाला, “घेतली होती, सर.”

तो पलंगावर ताठ बसला होता, साहेबापुढं बसावं तसा. मग सगळं बाहेर आलं. आमच्याकडं येण्याआधीपासून त्याच्या उजव्या पायाचा अंगठा ठणकत होता. युरिक ॲसिड वाढलं की होतं तसं. किडनीच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे बऱ्याच जणांना होतं म्हणे. अंगठा टोमॅटोसारखा लाल, चादर लागली तरी कळ मस्तकात. बुटात पाय जाईना. मग त्यानं आमच्या घराच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली आणि सकाळ-संध्याकाळ घेतली, लग्न होईपर्यंत आणि नंतरही काही दिवस.

डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला माहीत होतं ना, घ्यायची नाही म्हणून?”

“माहीत होतं सर. पण मी किडनीवर भार वाढू दिला न्हाई.” हे बोलताना त्याच्या आवाजात चक्क समाधान होतं. “एक ती घेतली की ह्यातली एक सोडायची. टोटल तेवढीच ठेवली.”

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. “ह्यातली म्हणजे कुठली?”

“किडनीच्या गोळ्यांतली, सर. एकास एक.”

मग त्यानंच समजावून सांगितलं, जसं आम्हालाच कळत नव्हतं. फौजेत पाठीवर पिठ्ठू असतो, सामानाची पिशवी. त्याचं वजन ठरलेलं. त्यात जास्तीचं काही टाकायचं असेल तर आतलं तेवढंच काहीतरी काढायचं, नाहीतर चढणीला माणूस बसतो. त्यानं आयुष्यभर हेच केलं होतं. किडनी बहिणीची, एकटी, तिला जास्तीचं ओझं नको, म्हणून त्यानं हिशोबानं वजन सारखं ठेवलं होतं. आणि काढून काय टाकलं, तर जी गोळी त्या किडनीला जिवंत ठेवत होती तीच!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डॉक्टरांसमोरच सुरू झाले. “कपाळ माझं! अरे, गहाण ठेवली होतीस का अक्कल? पिठ्ठू म्हणे! आत माझं मांस आहे मेल्या, सतरंजी-ब्लँकेट नाही!” नर्स आत डोकावली. डॉक्टर म्हणाले, “ताई, बाहेर बसा.” सगळ्या गाडीला गप्प करणारी बाई मी, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खाली उतरवलं.

डॉक्टरांनी नंतर मला नीट सांगितलं. दुखण्याच्या गोळीनं किडनीचं रक्त कमी केलं, आणि दुसऱ्या गोळ्या सोडल्यामुळं शरीर तिच्यावर उठलं असावं. दोन्हीकडून मार. सुई घालून तुकडा काढून तपासायचा, मग सलाईनमधून जोरदार औषध द्यायचं. वाचेल का, विचारलं. ते म्हणाले, आत्ता सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी कपडे आणि कागदपत्रं आणायला मी सांगलीला घरी आले. पिशवी भरली आणि सरळ कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. भांडायलाच गेले होते, कशाला लपवू? दुकानदाराला म्हटलं, “लग्नाला आलेला माझा भाऊ, लंगडत आला असेल, त्याला दुखण्याच्या गोळ्या तुम्हीच दिल्या ना? काही विचारलं नाहीत?”

तो बिचारा आठवून म्हणाला, “विचारलं की ताई. बीपी, शुगर, किडनीचं काय आहे का, सगळ्यांनाच विचारतो मी. तर म्हणाले, ‘काय न्हाई. फौजी माणूस हाय, एकदम फिट.’ आणि लंगडत न्हवते. चांगले ताठ चालत आले.”

भांडायला काही उरलंच नव्हतं. परत साताऱ्याला जाताना गाडीत मला तो ‘एकदम फिट’ राहून राहून ऐकू येत होता. बहिणीला सांगितलं नाही, समजू शकते, मी तोंड वाजवते. पण ज्याचा-आपला संबंध नाही, त्या काउंटरमागच्या माणसालाही का नाही सांगितलं? एवढं काय लपवायचं होतं?

दवाखान्यात पोचले तेव्हा तपासणी झाली होती, सलाईन चालू होतं. मी त्याच्या पलंगापाशी स्टूल ओढलं. ओरडायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं. तरी आवाज चढलाच. “मला का नाही सांगितलंस? एक दिवस आधी सांगितलं असतंस तर डॉक्टरांना फोन केला असता, अंगठ्याचं दुसरं औषध असतं. चप्पल घालून उभा राहिला असतास. बसून राहिला असतास! तुझ्याविना काय मंगलाष्टका अडल्या होत्या?”

उत्तर भावजयीनं दिलं. ती कधी माझ्यापुढं फार बोलत नाही. पदराला हात पुसत म्हणाली, “वन्सं, राग मानू नका. पर तुमच्यासमोर ते कवा दुखतंय म्हणत न्हाईत. तुमचा रविवारचा फोन यायचा म्हणलं की आधी उठून बसत्यात. झोपून घेत न्हाईत फोन. तुमी येणार असला तर आजारी असलं तरी दाढी करत्यात. गेल्या हिवाळ्यात महिनाभर कंबर धरली होती. मला म्हणले, आक्काला बोललीस तर बघ.”

“का?” मी त्याला विचारलं.

मग तो म्हणाला, “तू पोट फाडून घेतलंस, आक्का. माझ्यासाठी. अन् मी अंगठा दुखतोय म्हणून तुझ्या पोरीच्या लग्नात खुर्चीवर बसू? लोक म्हणतील, बहिणीनं एवढं दिलं, तरी ह्याचं रडगाणं हायच. तुला वाटंल, उगं दिली.”

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. “मला वाटंल! माझ्या मनातलं तू ठरवणार? तुला किडनी दिली ती काय मूर्ती म्हणून उभा राहायला दिली का रं? तू आजारी पडायचंस, कुरकुरायचंस, बायकोला त्रास द्यायचास, म्हातारा व्हायचंस, त्यासाठी दिली. फिट राहा असं मी कधी म्हटलं?”

“न्हाई म्हटलीस.”

“मग?”

“पर मला वाटायचं.” असं म्हणून त्यानं तोंड भिंतीकडं केलं. मी त्याच्या पायावरची चादर अंगठ्यावरून जराशी उचलून धरली, कारण ती लागत असणार हे आता मला माहीत होतं. तो नको म्हणाला नाही. माझा हात दुखेपर्यंत मी ती तशीच धरून बसले.

किडनी वाचली. पूर्वीइतकी नाही. आधी ज्या आकड्यावर रिपोर्ट यायचा तिथं तो आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काही भाग कायमचा गेला. राहिलेल्यावर किती वर्षं निघतील ते कुणाला सांगता येत नाही. जपलं तर बरीच, म्हणाले. घरी सोडताना त्यांनी भावाला समोर उभं केलं आणि म्हणाले, “तुमचा पिठ्ठूचा हिशोब इथं चालत नाही. इथं एक वस्तू काढली की सगळा पिठ्ठू खाली पडतो.” “यस सर,” तो म्हणाला. मी म्हटलं, “यस सर नको. काय कळलं ते बोलून दाखव.” त्यानं दाखवलं. दुखलं की फोन. गोळी सोडायची नाही, घालायची नाही, विचारल्याशिवाय काहीही नाही. आणि दुकानात गेलो की आधी किडनीचं सांगायचं.

पाठ झालं होतं, पण मी विश्वास ठेवला नाही. पाठ तर त्याला आधीही होतं. गावी परतल्यावरही माझ्या रविवारच्या फोनला तो पुन्हा ‘ओक्के’ म्हणायला लागला. जरा चाचरत, पण ओक्केच. मी फोन ठेवल्यावर आमच्या ह्यांना म्हणायची, “पालथ्या घड्यावर पाणी. हा एक दिवस असाच ‘एकदम ओक्के’ म्हणत माझी किडनी घेऊन जाणार वर.” ते म्हणायचे, “मग विचारू नकोस.” विचारू नकोस म्हणे! न विचारता मला झोप लागणार होती का?

दिवाळीनंतरची गोष्ट. वार कुठला ते आठवत नाही, पण रविवार नक्की नव्हता. सकाळचे पोहे फोडणीला टाकले होते आणि त्याचा फोन आला. तो कधी आपणहून फोन करत नाही.

“काय झालं रं?”

“अंगठा. परत धरलाय. रात्रीपास्नं.”

“काय घेतलंस?”

“काय न्हाई. डॉक्टरांना फोन केला. दुपारी बोलवलंय. किडनीच्या गोळ्या वेळेवर घेतल्या सगळ्या.”

“मग बरोबर केलंस की. बर्फ लाव, पाय उशीवर ठेव.”

“ठेवलाय.”

त्याचं सगळं करून झालं होतं, मला सांगायला काही ठेवलं नव्हतं त्यानं. तरी फोन ठेवत नव्हता. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग आवाज फुटला, लहान पोरासारखा.

“आक्का, लय दुखतंय गं.”

“हां,” मी म्हटलं.

“लय म्हंजे लय. चादर लागंना. उभं राहवंना. शिवी द्यावीशी वाटतीया.”

“दे की.”

त्यानं दिली. एक नाही, चांगल्या चार-पाच, फौजेतल्या, हिंदीत. आणि मग तो रडला.

मी गॅस बंद केला. खुर्ची ओढली आणि फोन कानाला लावून बसले. “सांग,” म्हटलं, “अजून कुठं कुठं दुखतंय?”